मूळ इंजिनाचे अंतर्भाग आणि टर्बोचार्जिंग : अल्प खर्चातील शक्तिवृद्धीची मर्यादा (रेडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

बिनटर्बो इंजिनाला बाहेरून टर्बोचार्जर बसविल्यास त्याचे मूळ पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग व क्रँकशाफ्ट वाढीव शक्ती पेलू शकतात काय, आणि हे काम मर्यादित खर्चात शक्य आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अंतर्भागांचे आयुष्य केवळ अश्वशक्तीच्या आकड्यावर अवलंबून नसते. सिलिंडरमधील कमाल दाब, पिस्टनवरील उष्णता आणि तो भार किती वेळ टिकून राहतो या तीन गोष्टी ते ठरवितात, असे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : टर्बोचार्जर, कमाल दाब, जडत्वभार, धातूचा थकवा, मासेमारी नौका.

प्रस्तावना

रेडी हे वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेलगत वसलेले गाव होय. यशवंतगड आणि गणपतीचे देवालय यांमुळे ते पर्यटकांना परिचित आहे, तर लोहखनिजाच्या खाणी आणि बंदर यांमुळे उद्योगजगताला. या परिसरातील अनेक कुटुंबांचे अर्थकारण डिझेल इंजिनाशी बांधलेले आहे. खनिज वाहणारा टिपर असो, प्रवासी जीप असो वा मासेमारीची नौका असो, घरातील सर्वांत मोठे भांडवल पुष्कळदा एका इंजिनाच्या रूपाने उभे असते.

अशा घरांतून येणारे विद्यार्थी पदवीच्या वर्गात उष्मागतिकी शिकताना एक प्रश्न हमखास विचारतात : ‘सर, आमच्या जुन्या इंजिनाला टर्बो बसविला तर आतले सामान टिकेल का?’ वरवर पाहता हा तरुणांच्या हौसेचा प्रश्न वाटतो. परंतु ज्या घरात इंजिन बंद पडले की चूल मंदावते, तेथे तो उपजीविकेचा प्रश्न ठरतो. म्हणूनच ‘टिकते’ किंवा ‘टिकत नाही’ अशा एका शब्दात त्याचे उत्तर देणे योग्य होणार नाही.

टर्बोचार्जर नेमके काय करतो?

इंजिनाची शक्ती ही मूलतः ते किती हवा आत घेऊ शकते यावर अवलंबून असते, कारण हवेच्या प्रमाणातच इंधन जाळता येते. टर्बोचार्जर उत्सर्जित वायूंच्या ऊर्जेवर फिरतो आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये ढकलतो. या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. तिचे पहिले मोठे यश रस्त्यावर नव्हे, तर समुद्रावर दिसले. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती या तंत्राने १७५० वरून २५०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली.

मात्र हवा दाबली की ती तापते आणि तापलेली हवा विरळ होते. बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस, टर्बोने दाब दीडपट केला आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे असे मानू. गणिताने बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सुमारे ८३ अंश येते. परिणामी दाब ५० टक्के वाढूनही हवेची घनता केवळ २८ टक्क्यांनी वाढते. हीच हवा इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत थंड केली, तर घनतेतील वाढ सुमारे ४१ टक्के होते. म्हणजे दाब तोच ठेवूनही केवळ थंडाव्याने अधिक हवा मिळते. मर्यादित खर्चाच्या विचारात हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरेल.

अंतर्भागांवरील दोन भिन्न भार

कनेक्टिंग रॉडवर दोन प्रकारचे भार येतात. ज्वलनाच्या वेळी वायूचा दाब रॉडला दाबतो, हा वायुभार होय. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन थांबतो व उलट फिरतो, त्या वेळी त्याचे स्वतःचे वस्तुमान रॉडला ताणते, हा जडत्वभार होय. या दोहोंतील भेद न कळल्यामुळे या विषयात पुष्कळ गैरसमज रूढ झाले आहेत.

उदाहरणादाखल ८३ मिलिमीटर बोअर व ९० मिलिमीटर स्ट्रोक असलेले चार सिलिंडरचे डिझेल इंजिन घेऊ. त्याच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ५४ चौरस सेंटिमीटर भरते. कमाल दाब ८० बार धरल्यास पिस्टनवर सुमारे ४.४ टन भार येतो. टर्बोमुळे हाच दाब ११० बारपर्यंत गेला, तर भार सुमारे ६.१ टन होतो. आता जडत्वभार पाहू. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग यांचे मिळून वस्तुमान १ किलो मानले, तर मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर ताण सुमारे १.३ टन येतो. ५५०० फेऱ्यांवर तो सुमारे २ टन होतो. फेऱ्या २२ टक्क्यांनी वाढल्या, पण ताण जवळजवळ ५० टक्क्यांनी वाढला, कारण हा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की टर्बोमुळे रॉडवरील ताण जवळपास वाढत नाही, दाब वाढतो. रॉडचे बोल्ट तुटणे हे प्रामुख्याने ताणाचे, म्हणजे अति फेऱ्यांचे लक्षण आहे. रॉड वाकणे, बेअरिंग चिरडणे व हेड गॅसकिट फुटणे ही दाबाची लक्षणे होत. दुसरा असा की फेऱ्यांची मूळ मर्यादा न ओलांडता मध्यम दाबाने शक्ती वाढविणे हे फेऱ्या वाढवून शक्ती मिळविण्यापेक्षा मूळ अंतर्भागांना अधिक सुसह्य असते. मात्र कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये इंजिन रखडत असताना पूर्ण दाब देणे सर्वांत घातक ठरते, कारण त्या वेळी वायुभार पूर्ण असतो आणि बेअरिंगमधील तेलाचा थर पातळ असतो.

उष्णता : पेट्रोल आणि डिझेल यांतील भेद

भारापेक्षाही उष्णतेने अधिक इंजिने निकामी होतात. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांवर वितळते, परंतु त्याच्या मिश्रधातूची ताकद त्याच्या पुष्कळ आधी, ३०० अंशांच्या आसपासच, लक्षणीय घटते. म्हणून पिस्टन वितळण्याची वाट पाहावी लागत नाही. तो मऊ होऊन आधीच तडकतो किंवा सिलिंडरला घासून अडकतो.

पेट्रोल इंजिनात हवा वाढली की इंधनही त्याच प्रमाणात वाढवावे लागते. ते कमी पडल्यास मिश्रण पातळ होते, तापमान वाढते आणि नॉकिंग सुरू होते. नॉकिंग म्हणजे ठिणगीच्या ज्योतीने गाठण्यापूर्वीच उरलेल्या मिश्रणाने एकदम पेट घेणे. त्यातून उमटणारे दाबाचे तीव्र तरंग ओतीव पिस्टनच्या रिंगांमधील अरुंद कडा फोडतात. घडीव पिस्टन अशा आघातांना अधिक काळ तोंड देतो, म्हणून तो महाग असूनही शर्यतीच्या इंजिनांत वापरतात. परंतु नॉकिंग थांबविले नाही, तर घडीव पिस्टनही वाचत नाही, आणि नॉकिंग होऊच दिले नाही, तर मध्यम दाबावर ओतीव पिस्टनही दीर्घकाळ टिकतो. सध्या पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता चांगली असते. मात्र तेवढ्याच हवेसाठी ते आकारमानाने अधिक लागते, हे इंजेक्टरची निवड करताना ध्यानी घ्यावे लागते.

डिझेल इंजिनाचे गणित निराळे आहे. तेथे उष्णता ठरविणारा घटक हवा नसून इंधन होय. टर्बो बसविला आणि डिझेल पंपाची मात्रा मुळीच वाढविली नाही, तर तेच इंधन अधिक हवेत जळते, धूर कमी होतो आणि उत्सर्जित वायूचे तापमान बहुधा उतरते. अशा इंजिनाची शक्ती फारशी वाढत नाही, पण पिस्टनला उष्णतेचा त्रासही होत नाही. खरा धोका सुरू होतो तो पंपाचा स्क्रू फिरविल्यावर. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त झाल्याची खूण होय. कित्येकदा तो ‘ताकदीचा धूर’ म्हणून कौतुकाने पाहिला जातो. वस्तुतः तो पिस्टनच्या माथ्यावर साचत जाणाऱ्या संकटाचा इशारा असतो.

महाराष्ट्रातील वाहन उद्योगाचा पुरावा

या विवेचनाला प्रत्यक्ष आधार आहे काय? तो आपल्याच राज्यात, पुण्याच्या वाहन उद्योगात सापडतो. टाटांच्या डिझेल इंजिनांच्या क्रमांकातच त्यांची मापे दडलेली आहेत. ४८३ म्हणजे ४ सिलिंडर व ८३ मिलिमीटर बोअर, ६९७ म्हणजे ६ सिलिंडर व ९७ मिलिमीटर बोअर. १९९४ मध्ये आलेल्या टाटा सुमोचे १९४८ घनसेंटिमीटरचे बिनटर्बो ४८३ इंजिन ७० अश्वशक्तीच्या आतच होते. त्याच मापाच्या टर्बो आवृत्तीने सुमारे ९० अश्वशक्ती दिली. म्हणजे वाढ साधारण एक तृतीयांश झाली. १९९८ च्या अखेरीस सादर झालेल्या इंडिकाचे १४०५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन सुमारे ५३ अश्वशक्तीचे होते. त्याच क्षमतेचे टर्बो इंजिन २००२ मध्ये इंडिगोत सुमारे ६२ अश्वशक्तीवर देण्यात आले.

जड वाहनांचे उदाहरणही असेच आहे. १९५४ ते १९६९ या काळात टेल्कोचा जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी सहकार्य करार होता. बेंझच्या ओएम ३५२ या इंजिनाची क्षमता ५६७५ घनसेंटिमीटर, आणि टाटा ६९७ चीही तीच. बेंझने ओएम ३५२ ला टर्बो जोडून शक्ती सुमारे १३० वरून १६८ अश्वशक्तीपर्यंत, म्हणजे जवळपास ३० टक्के वाढविली.

या उदाहरणांतून एक समान सूत्र दिसते. बोअर व स्ट्रोक तेच ठेवून सुमारे १५ ते ३५ टक्के वाढ ही अनुभवाने सिद्ध झालेली मर्यादा आहे. परंतु त्यातून घाईने निष्कर्ष काढू नये. निर्माता टर्बो आवृत्ती बनविताना केवळ टर्बो जोडून थांबत नाही. पिस्टनचा आकार व संपीडन गुणोत्तर बदलणे, पिस्टनच्या खालून तेलाचा फवारा देणे, बेअरिंगचे द्रव्य, गॅसकिट, तेल व पाण्याचे पंप अधिक सक्षम करणे, अशा सुधारणा त्यासोबत सामान्यतः केल्या जातात. त्यामुळे ‘कंपनीच्या टर्बो गाडीत तेच इंजिन आहे’ हे विधान अर्धसत्य ठरते. ब्लॉक तोच असेल, पण आतील सामान तेच असेलच असे नाही. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी दोन्ही आवृत्त्यांच्या सुट्या भागांचे क्रमांक ताडून पाहणे हा बिनखर्चाचा व अत्यंत उपयुक्त अभ्यास आहे. क्रमांक जुळले तर तो भाग निर्मात्यानेच पारखलेला आहे. न जुळले तर कमकुवत दुवा कोणता, ते आपोआप कळते.

रस्ता, घाट आणि समुद्र : काळाचा हिशेब

धातू एका आघाताने क्वचितच तुटतो, तो पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने थकतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० व तासाला ९०,००० स्फोट होतात. पोलादाच्या थकव्याच्या अभ्यासात मैलाचा दगड मानली जाणारी १ कोटी आवर्तने सुमारे १११ तासांत पूर्ण होतात. शिवाय पोलादाला जशी थकव्याची एक सुरक्षित मर्यादा असते, तशी ॲल्युमिनियमला स्पष्टपणे नसते.

सपाट रस्त्यावर धावणारी मोटार पूर्ण शक्ती एका वेळी काही सेकंदच वापरते. तिला पूर्ण भाराचे १११ तास भरावयास कित्येक वर्षे लागतील. सावंतवाडीहून सुमारे ७०० मीटर उंचीवरील आंबोलीकडे भरलेली गाडी चढविताना मात्र पूर्ण भार सलग अनेक मिनिटे टिकतो आणि पिस्टनला थंड होण्यास उसंत मिळत नाही. मासेमारी नौकेची स्थिती याहून कठीण असते. किनारा सोडल्यानंतर तिचे इंजिन तासन् तास जवळपास स्थिर व मोठ्या भारावर चालते. रोज आठ तास धरले, तरी १ कोटी आवर्तने पंधरवड्यात पूर्ण होतात. जहाजी इंजिनांचे निर्माते एकाच इंजिनाला हौसेच्या नौकेसाठी अधिक व अखंड व्यावसायिक वापरासाठी कमी अश्वशक्ती ठरवून देतात, त्यामागील कारण हेच होय. म्हणून जे मूळ अंतर्भाग मोटारीत वाढीव दाब वर्षानुवर्षे सोसतात, तेच समुद्रावर एका हंगामात दगा देऊ शकतात.

नौकेच्या बाबतीत लाभाचाही विचार करावयास हवा. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ३० टक्के अधिक शक्तीतून मिळणारा वेग जेमतेम ९ टक्के अधिक असतो. त्यासाठीही पंखा बदलावा लागतो, कारण जुना पंखा जुन्याच शक्तीच्या मापाचा असतो. इंजिनकोंडीत तापलेल्या टर्बोला उष्णतारोधक आवरण नसेल, तर लाकडी वा फायबरच्या नौकेत आगीचा धोका निर्माण होतो. किनाऱ्यावर रखडलेली गाडी ढकलता येते. भर समुद्रात, वारा उलटल्यावर बंद पडलेले इंजिन हा माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

मर्यादित खर्चाचा अग्रक्रम

पैसा थोडा असेल, तर तो कोणत्या क्रमाने खर्च करावा? प्रस्तुत विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो.

(१) परीक्षण : प्रथम इंजिनाचे वय जाणावे. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. त्यांत १० टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास, तेलाचा दाब कमी असल्यास किंवा ब्रीदरमधून जोराने वाफ येत असल्यास विचार तेथेच थांबवावा. निर्मात्याने ठेवलेली ताकदीची शिल्लक अशा इंजिनाने आधीच खर्च केलेली असते.

(२) मोजमापाची साधने : दाबमापक आणि उत्सर्जित वायूचे तापमान दाखविणारा मापक बसवावा. डिझेल इंजिनात टर्बोपूर्वीचे हे तापमान दीर्घकाळ ७०० ते ७५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

(३) थंडावा व तेल : रेडिएटर, इंटरकूलर, योग्य प्रतीचे तेल आणि टर्बोला स्वच्छ तेलाची नळी. नव्या इंजिनाच्या तुलनेत हा खर्च अल्प, पण परिणाम मोठा असतो.

(४) इंधनाचे नियंत्रण : पेट्रोलमध्ये पुरेसे इंजेक्टर व ठिणगीच्या वेळेचे नियमन, डिझेलमध्ये धूर दिसणार नाही इतकीच मात्रा.

(५) दाबावरील बंधन : वेस्टगेट निश्चित मर्यादेवर बसवावा. बिनटर्बो इंजिनासाठी वातावरणाहून ०.३ ते ०.५ बार अधिक दाबापुढे मूळ अंतर्भागांवर भिस्त ठेवणे धाडसाचे ठरेल.

(६) घडीव पिस्टन व रॉड : यांचा क्रमांक शेवटचा. पहिल्या पाच गोष्टींवाचून केलेला हा खर्च वाया जातो, आणि त्या पाचही नीट केल्यास माफक वाढीसाठी त्याची गरज पडत नाही.

कायद्याची चौकट

तांत्रिकदृष्ट्या शक्य असलेली प्रत्येक गोष्ट रस्त्यावर ग्राह्य असतेच असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंडाची तरतूद केली. अपघातानंतर विम्याचा दावा अशा बदलामुळे अडचणीत येऊ शकतो, ही बाबही खर्चाच्या हिशेबात धरली पाहिजे. नौकामालकानेही इंजिनात बदल करण्यापूर्वी आपली नोंदणी व विम्याच्या अटी तपासून घ्याव्यात.

निष्कर्ष

मूळ अंतर्भाग टर्बोची शक्ती पेलू शकतात काय, या प्रश्नाचे उत्तर ‘होय, परंतु उसन्या शिलकीवर’ असे द्यावे लागते. इंजिन सुदृढ असेल, वाढ एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाच्या आत असेल, फेऱ्यांची मूळ मर्यादा पाळली जाईल आणि उष्णतेवर नजर राहील, तर ओतीव पिस्टन व साधे रॉड टिकू शकतात. वाहन उद्योगाचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. मात्र हीच शिफारस दिवसभर पूर्ण भारावर चालणाऱ्या नौकेला किंवा रोज घाट चढणाऱ्या मालवाहू गाडीला लागू होत नाही. तेथे अधिक शक्तीची खरोखर गरज असेल, तर निर्मात्याने त्या वापरासाठीच प्रमाणित केलेले टर्बो इंजिन घेणे हाच अंतिमतः स्वस्त मार्ग होय.

विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला प्रतिप्रश्न करावासा वाटतो तो एवढाच : हे इंजिन पूर्ण भारावर सलग किती वेळ चालणार आहे, आणि ते बंद पडले तर त्या दिवशी घरी काय होईल? या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली, की टर्बो बसवावा की नाही, याचा निर्णय गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच झालेला असतो.